अप्पांची लाईन किती लांब हवी?

पत्र थोडक्यात: सोलापुरातल्या विजापूर रोड भागातून एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे वडील, घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात, रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या कामावर होते. नोकरीची सुरुवात कुर्डुवाडीला, बार्शी लाईट रेल्वेच्या लहान रुळांवर झाली. निवृत्तीनंतर त्यांनी बंगल्यामागच्या बागेत 45 मिलिमीटर अंतराच्या पितळी रुळांवर स्वतःची आगगाडी उभी केली. पहिला संच पुतण्यानं जर्मनीहून आणला, पुढचे डबे अप्पांनी प्लायवूड आणि पत्र्यातून हातानं बनवले. बागेला पूर्ण वळसा, एक पूल, एक बोगदा, तीन स्टेशनं. पाच वर्षांपूर्वी गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि गाडी थांबली. आता रुळांवर हरळी, गाजरगवत आणि सुबाभळीची रोपं आहेत. गेल्या पावसाळ्यात बोगद्याजवळ फुरसं दिसलं, तेव्हापासून आई मागच्या दाराबाहेर पाऊल टाकत नाही. पुण्यातला भाऊ म्हणतो, सगळं उपटा, इंजिनं विका, पेव्हर ब्लॉक घालून कार लावायला जागा करा. ताईंचा बेत वेगळा आहे. जानेवारीत अप्पांची पंचाहत्तरी. त्याआधी त्यांना आठ दिवस भावाकडे पाठवायचं, मजूर लावून बाग साफ करायची, लाईन होती तशी जोडायची आणि वाढदिवसाला त्यांच्यासमोर गाडी सोडायची. तेरा वर्षांचा मुलगाही त्या निमित्तानं मोबाइलमधून डोकं वर काढेल, अशी त्यांना आशा आहे. अप्पा रोज संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून मांडीवरचं इंजिन पुसतात, पण बागेचा विषय काढला की म्हणतात, "राहू दे की, कशाला उगं." हे सगळं कसं जमवायचं आणि भावाला कसं थोपवायचं, असं ताई विचारतात.

---

ताई, अप्पांना पुण्याला पाठवायचा बेत आधी सोडून द्या. बाकीचं मग बोलू.

ज्या माणसाची उभी नोकरी रुळांवर गेली, त्याच्या हाडीमाशी एक शिस्त खिळलेली असते. ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामासाठी दिलेली वेळ, मिळाल्याशिवाय, लाईनच्या इन्चार्जला कळल्याशिवाय रुळाला हात लावायचा नाही. तुम्ही त्याच माणसाला गावाबाहेर काढून त्याच्या लाईनवर परकी गँग घालणार आहात. हेतू प्रेमाचा आहे, यात शंका नाही. पण परत आल्यावर अप्पा पहिल्यांदा काय पाहतील? कुठला सांधा कुणी कसा जोडला, वळणावर खडी कशी दाबली, पुलाच्या टेकूखालची पाचर कुणी काढली. आणि पाहुण्यांसमोर तोंडानं म्हणतील, "छान झालंय." दुसरं कारण साधं आहे. वायर कुठून गेली, बोगद्याचं छत कशावर टेकलंय, पावसाचं पाणी जायची नळी कुठे पुरली आहे, हे फक्त त्यांना माहीत आहे. मजुराच्या कुदळीला ते कळायचं नाही.

आता तुमच्या पत्रातलं एक गृहीत जरा तपासू. बाग माजली म्हणून अप्पा खचले आहेत, असं तुम्ही धरून चालला आहात. कदाचित तसं असेलही. पण तुम्हीच लिहिलंय की ते रोज इंजिन पुसतात. रेल्वेवरून मन उडालेला माणूस इंजिन माळ्यावर टाकतो, ते मांडीवर घेत नाही. मला तुमच्या पत्रात दिसतात ते गुडघे. जमिनीवरच्या लाईनला दर थोड्या वेळानं वाकावं लागतं. पान अडकलं, वाका. डबा उतरला, खाली बसा. खाली बसलेल्या पंचाहत्तरीच्या माणसाला उठताना कुणाचा तरी हात लागतो, आणि तो हात मागायला अप्पांना आवडत नसावं. "कशाला उगं" याचा अर्थ "मला यातलं काही नको" असा असेलच असं नाही. "हे पुन्हा सुरू केलं तर मला ते झेपणार नाही, आणि ते सगळ्यांसमोर दिसेल" असाही असू शकतो.

म्हणून होती तशी लाईन जोडण्यात मला धोका दिसतो. समजा, जानेवारीत ती झकास चालली. फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेतल्या कडुनिंबाची पानगळ सुरू होईल आणि रोज झाडल्याशिवाय इंजिन एक फेरी पुरी करणार नाही. झाडणार कोण? तुम्ही, तुमचा मुलगा, नाहीतर पैसे देऊन ठेवलेला माणूस. अप्पा पायरीवर बसून बघणार. आज ते बंद पडलेल्या लाईनचे मालक आहेत, उद्या चालू लाईनचे प्रेक्षक होतील. यातलं त्यांना काय बोचेल, हे मी सांगू शकत नाही. त्यांनाच विचारायला हवं.

विचारायचं कसं, हा खरा अवघड भाग. "अप्पा, बाग साफ करू का?" असं विचारलंत तर उत्तर तयार आहे. त्याऐवजी एखाद्या तांत्रिक गोष्टीत चूक करा आणि ती त्यांना सुधारू द्या. "राहू दे" म्हणणारा माणूस चूक दुरुस्त करायला मात्र हमखास तोंड उघडतो. एक चांगला विषय देते. एलजीबी या बागेतल्या खेळण्याच्या गाड्यांच्या ज्या जर्मन पद्धतीमुळे 45 मिलिमीटरचे रूळ बागेत रुळले, ती 1968 साली आली. तिचं प्रमाण 1:22.5, म्हणजे खरी गाडी त्याच्या साडेबावीस पट मोठी. पंचेचाळीसला साडेबावीसनं गुणलं की मीटरगेज, म्हणजे साधारण एक मीटर अंतराचे रूळ येतात. म्हणजे त्या प्रमाणात बांधलेली गाडी होटगीहून विजापूर-गदगकडे जाणाऱ्या जुन्या मीटरगेजची झाली. बार्शी लाईट होती 762 मिलिमीटरची. तिच्यासाठी याच रुळांवर डबे साधारण 1:17 प्रमाणात, म्हणजे बरेच थोराड हवेत. आता अप्पांना विचारा, "तुम्ही डबे बार्शीचे बांधलेत की होटगीचे?" मग चहा ठेवा, कारण बैठक लांबणार आहे. पुढे नवा डबा किंवा माणसांच्या मूर्ती घ्यायच्या झाल्या तर हे प्रमाण तुम्हालाही लागेल. दोन प्रमाणांचं सामान शेजारी ठेवलं की स्टेशन मास्तर दारातून आत जाऊ शकत नाही.

बार्शीचा विषय निघालाच आहे, तर त्याच लाईनकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं ती रेल्वे आखताना आधी एकच आकडा पक्का केला: एका आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. हलका रूळ तेवढाच पेलणार होता. मग बाकी सगळं त्या आकड्याभोवती बसवलं. ताकदीचं इंजिन हवं होतं, पण वजन वाटून जायला हवं, म्हणून किटसन कंपनीकडून एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची इंजिनं करून घेतली. आणि लाईनही एकदम सगळी टाकली नाही. 1897 मध्ये बार्शी रोडवरून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, फक्त बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. पंढरपूरला ती 1906 मध्ये पोहोचली, लातूरला 1911 मध्ये, मिरजेला 1927 मध्ये.

तुमच्या बागेत पक्का करायचा पहिला आकडा म्हणजे अप्पांच्या गुडघ्यांना काय पेलतं तो. लाईन त्याच्याभोवती आखा. माझा सल्ला असा: लाईन आखूड करा आणि उंच करा.

मागची कंपाउंडची भिंत तीस फूट आहे, असं तुम्ही लिहिलंय. साधारण नऊ मीटर. पुष्कळ झालं. भिंतीलगत विटांचे खांब बांधा आणि त्यावर दोन फुटी शहाबादी फरशी टाका. सोलापूरच्या गवंड्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. फरशी जमिनीपासून 70 ते 75 सेंटिमीटर उंचीवर ठेवा, म्हणजे नेहमीच्या खुर्चीत बसून हात सरळ रुळावर जातो. पण माझ्या आकड्यावर विसंबू नका. अप्पांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवा, कोपर टेकल्यासारखा हात पुढे करायला सांगा आणि तिथे खडूनं खूण करा. फरशीखाली पाय जातील एवढी जागा मोकळी सोडा, खांब दोन खुर्च्या मावतील इतक्या अंतरावर घ्या. आणि शक्य असेल तर अशी भिंत निवडा, जिची सावली दुपारनंतर लाईनवर पडते. मार्च ते जून संध्याकाळी पाचला तापलेल्या शहाबादीपुढे कुणी बसणार नाही.

गोल फेरीचा हट्ट सोडा. 60 सेंटिमीटर त्रिज्येचं सर्वांत लहान वळण घेतलं तरी वर्तुळाला सव्वा मीटरच्या पुढे जागा लागते, आणि मागची बाजू हाताच्या टप्प्याबाहेर जाते. इकडे एक स्टेशन, तिकडे एक स्टेशन, दोन्हीकडे इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावण्यापुरती जास्तीची लाईन आणि सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड. गाडी येते, इंजिन सुटतं, वळसा घालून मागे लागतं, गाडी परत निघते. गोल फिरणारी गाडी बघायची असते. टोकाटोकाची गाडी चालवावी लागते, आणि अप्पांना चालवण्यात रस असावा असा माझा अंदाज आहे. दोन स्टेशनांना नावं कुठली द्यायची, ते त्यांच्यावर सोडा.

रूळ फरशीवर घट्ट ठोकू नका. पितळ उष्णतेनं चांगलंच वाढतं. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन यांत रुळाच्या तापमानात 50 अंशांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात 10 मीटर पितळी रूळ जवळजवळ एक सेंटिमीटर लांबतो. जागा नसेल तर तो फणा काढून उभा राहतो. जोडाजोडांत थोडी फट, खालच्या पट्ट्यांना स्क्रू असलेच तर भोक लांबट, आणि बाकी रूळ कचेवर, म्हणजे बारीक खडीवर, मोकळे. फट थंडीत मोठी दिसली पाहिजे, उन्हाळ्यात जवळजवळ मिटली पाहिजे. इथे तुम्ही फक्त डायरी आणि पेन द्या. उन्हाळ्यात रुळांच्या पेट्रोलिंगवर ज्यानं आयुष्य काढलं, त्याला फटी मोजायला शिकवायचं नसतं.

खडी म्हणजे क्रशरवरची बारीक, टोकदार कच घ्या, तीन ते सहा मिलिमीटरची. नदीची गोल वाळू रूळ धरून ठेवत नाही. फरशीच्या दोन्ही कडांना विटेची एक आडवी ओळ लावली की कच सांडत नाही. फरशीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार, रूळ मात्र लांबीत पाणसळीत.

उंच करायचं दुसरं कारण तुमची जमीन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते आणि वरचं सगळं हलवते. जमिनीवरची लाईन टिकवायची तर काळी माती फावडाभर काढून मुरूम भरावा लागतो, तो ठोकून मग त्यावर कच. तसं न केलेल्या भागात पाच पावसाळ्यांनंतर रूळ लाटेसारखे झालेले दिसतील. त्यावरून गाडी चालवायची खटपट करू नका.

आता साफसफाई. ही वाढदिवसाच्या कामाचा भाग समजू नका. ती आईसाठी आहे, आणि तिला अप्पांच्या होकाराची गरज नाही. मागच्या दाराबाहेर फुरसं निघालेल्या घरात बाई बाहेर पडत नाही, ही या पत्रातली सर्वांत तातडीची ओळ होती, आणि तुम्ही ती ओझरती लिहिलीत. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर संपता संपता काम धरा. स्वयंपाकघराच्या दारापासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेनं पट्ट्यापट्ट्यानं जा. गमबूट, जाड हातमोजे, हातात लांब काठी, आणि काठीनं चाचपल्याशिवाय कुठेही हात घालायचा नाही. फुरसं लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं आणि सरपटत दूर जाण्यापेक्षा जागच्या जागी वेटोळं करून बसतं. बोगद्यात हात घालायचा तर नावच नको. त्याचं छत वरून उचला, आधी उजेड आत जाऊ द्या. साप दिसला तर काम थांबवून सर्पमित्राला बोलवा. आणि विटांचे ढीग, जुन्या कुंड्या, लाकडं भिंतीलगत रचून ठेवली असतील तर ती आधी हलवा. उंदीर तिथे राहतात, साप त्यांच्या मागे येतो.

जेसीबी नको. गवत कापायचं यंत्रही रुळांजवळ नको, त्याची नायलॉनची दोरी स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या, कुरतडून टाकते. वाळलेलं गवत पेटवून मोकळं व्हायचा मोह मजुरांना होतोच, तो आधीच मोडून काढा. स्लीपर वितळतील आणि कडुनिंबही होरपळेल. कुणी मिठाचं पाणी ओतायला सांगेल. त्यानं रुळांचे स्क्रू गंजतात आणि मातीही नासते. हरळी आणि लव्हाळा ओल्या मातीतूनच निघतात, कोरड्यात ओढलं तर वरचं तुटतं आणि रूळ सोबत उचलले जातात. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे परतीच्या पावसाचा ओलावा जमिनीत आहे तोवरच हे काम उरका.

रूळ काढताना मात्र अप्पा खुर्चीत बसलेले हवेत, भले सावलीत आणि दूर. तुकडे सोडवण्याचा क्रम ते सांगतील. प्रत्येक तुकड्याला चिकटपट्टी लावून नंबर टाका. नऊ मीटरला लागतील तेवढे आणि सांधे वेगळे काढा, उरलेले धुऊन, पुसून, सुतळीनं बांधून कोरड्या जागी ठेवा. विकू नका. अजून तरी नको. बोगदा परत बांधणार असाल तर एवढं बघा की कुठल्याही टोकातून हात मध्यापर्यंत पोहोचेल आणि छत उचलता येईल.

पाच वर्षं उघड्यावर राहिलेलं पितळ काळवंडलेलं असणार. त्यातून वीज नीट जात नाही, म्हणून गाडी अडखळते. साफ करायला भांडी घासायची तारेची घासणी वापरू नका. तिचे बारीक तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि आत शॉर्ट होतं. खरखरीत पॉलिश पेपरही नको, त्याच्या ओरखड्यांत पुन्हा मळ बसतो. मऊ घासणीचा पॅड, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओली केलेली चिंधी, एवढं पुरतं.

पण रुळातून वीज न्यायचीच कशाला, हाही विचार करा. इंजिनाच्या मागच्या डब्यात बॅटरी आणि हातात रिमोट, अशी व्यवस्था करता येते. मग रूळ चकाकत ठेवायची कटकट संपते, आणि सांध्यांपाशी वीज तुटण्याचं दुखणंही. नऊ मीटरची लाईन मूळ पद्धतीनं, ट्रान्सफॉर्मरवरही व्यवस्थित चालेल. तो ट्रान्सफॉर्मर मात्र घरात ठेवायचा, बागेत फक्त त्यातून आलेली कमी दाबाची वायर. घरातली 230 व्होल्टची वायर ओल्या बागेत ओढायची नाही. बॅटरी घेतलीत तर उन्हाळ्यात ती डब्यात विसरू नका आणि घरात कुणी जागं असतानाच चार्जिंगला लावा.

इंजिन लगेच चालवून बघू नका. आतलं जुनं ग्रीस घट्ट होऊन बसलेलं असतं. गिअरचा डबा उघडून ते काढावं लागतं आणि प्लास्टिकला चालेल असं तेल-ग्रीस थोडंसंच घालावं लागतं. बहुतेक अशा इंजिनांत वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखा गिअर असतो, त्यामुळे चाकं हातानं फिरत नाहीत. जाम झाली असं समजून जोर लावलात तर दाते जातील. हे काम टेबलावर, चष्मा लावून, चांगल्या उजेडात करायचं आहे. अप्पांना आजच सुरू करता येईल. बाग साफ व्हायची वाट बघायची गरज नाही.

उंच केल्यानंतरही थोडी निगा लागेलच. पानं झाडायला खराटा नको, तो कच उडवतो. रंगाचा रुंद ब्रश घ्या. श्रावणात लिंबोळ्या कचेत रुजतात आणि बघता बघता रुळांत कडुनिंबाचं रोप उभं राहतं. दोन पानांवर असताना ते चिमटीत निघतं, महिनाभर थांबलात तर खुरपं लागेल. मुंग्या स्टेशनाच्या इमारतीत घर करतील, इमारती अधूनमधून उचलून झटका. झाडं म्हणून जेड या जाड पानांच्या झुडपाच्या लहान फांद्या कुंडीत लावा. कमी पाण्यावर जगतात आणि छाटल्या की या गाडीशेजारी मोठ्या वृक्षासारख्या दिसतात. लॉनच्या भानगडीत पडू नका.

मुलाबद्दल थोडंच लिहिते. त्याला मोबाइलमधून बाहेर काढण्याचं काम या लाईनवर टाकू नका. बॅटरी आणि रिमोट बसवायला अप्पांना मदतनीस लागेल, तेवढं त्याला सांगून बघा. आला तर आला. नाही आला तर लाईन फसली असं होत नाही. ती त्याच्यासाठी बांधलेलीच नाही.

आणि भाऊ. त्याला थोपवायचं कसं असं तुम्ही विचारलंत, पण तो पूर्ण चुकीचा आहे असं मला वाटत नाही. साप त्याला फोनवर कळला, आईची भीती त्यानं ऐकली, आणि पुण्यात बसून जो उपाय सुचतो तो त्यानं सुचवला. लाईन भिंतीलगत गेली की बागेचा मोठा भाग मोकळा होणार आहे. तिथे एक कार राहू द्या की. फक्त पेव्हरनं सगळं झाकण्याऐवजी मुरूम दाबून घ्या, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरेल आणि कडुनिंबाच्या मुळांनाही मिळेल. स्वयंपाकघराच्या दारापासून कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंतचा पट्टा आईचा, तिथे फरशी. ती कशी हवी, हे आईला विचारून. आजवर या बागेबद्दल तिला कुणी काही विचारलंय का, हे पत्रातून कळलं नाही.

इंजिनं विकण्याचा निर्णय मात्र अप्पांचा, त्यात तुमचाही वाटा नाही. आणि हे सगळं ऐकून, उंचीची खूण करून, बार्शीवर तासभर बोलूनही ते शेवटी "नको" म्हणाले, तर ते नकोच धरा. मग रूळ नंबर टाकून बांधून ठेवा, इंजिनं घरातल्या कपाटात, त्यांना दिसतील अशी. साफसफाई आणि आईचा पट्टा तरीही व्हायलाच हवा. ज्यांच्या घरी आगगाडी नाही, पण वडिलांचे गुलाबाचे वाफे, काकांची गच्चीवरची कुंड्यांची बाग किंवा आजोबांचं रेडिओ दुरुस्तीचं टेबल असंच धूळ खात पडलंय, त्यांनीही या दोन गोष्टींची गल्लत करू नये. घरातल्यांच्या सुरक्षिततेसाठी जे लागतं ते करायचं, आणि छंदाचं काय करायचं ते छंद ज्याचा त्याला ठरवू द्यायचं.

जानेवारीपर्यंत नऊ मीटर पुरे होतील का? खांब आणि फरशी होईल, एका टोकाचं स्टेशन होईल. दुसरं कदाचित नाही. चालेल. पंचाहत्तरीला अर्धी लाईन असली तर अप्पांना फेब्रुवारीत काम राहील. पाहुणे आले की तेच सांगतील पुढचा टप्पा कुठवर जायचाय.

पुण्याची फेरी करायचीच असेल तर सगळे मिळून जा, आणि कोथरूडचं जोशी यांचं लघुरेल्वे संग्रहालय बघून या. ते 1998 पासून आहे. तिथली मांडणी छपराखाली आहे, बागेतली नाही, पण गाडी जमिनीवर नसली तरी ती गाडीच असते, हे अप्पांना सांगायची गरज तिथे पडणार नाही. जाण्याआधी वेळ विचारून घ्या. भावालाही सोबत न्या, आणि परत येताना शहाबादीचा खर्च त्याच्याकडे मागा. कार लावायची जागा त्याला मिळतेय.